आठ आकड्यांचं टोपण

व्हर्नियर कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटवून मंजुषानं तो दुकानातल्या ट्यूबलाइटकडे धरला आणि एक डोळा बारीक केला. पोलादाच्या दोन पात्यांमधून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. तिनं तो काउंटरवर ठेवला, दुसरा उचलला आणि त्यालाही तसंच धरलं.

"मॅडम, इन्स्पेक्शनला आहात का कुठं?" उजैरनं विचारलं. उस्मानपुऱ्यातलं हे हत्यारांचं दुकान वडिलांनंतर तोच बघत होता.

"नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात आहे."

"मग हे उजेडाकडं धरणं कुठून आलं? इंजिनिअरिंगची पोरं येतात, ती बॉक्सचा फोटो काढतात आणि मोबाइलवर स्वस्त मिळतो का बघत बघत निघून जातात."

"वडील कंपनीत टूलरूमला होते. चिकलठाण्यात."

वडील, कडूबा, निवृत्त झाले तेव्हापासून, म्हणजे गेली आठ वर्षं, ती हे वाक्य असंच बोलत आली होती. ते जाऊन सात महिने झाले तरी त्यातला एक शब्दही बदलावा लागला नव्हता. फक्त बोलून झाल्यावर आता थोडं थांबावं लागे.

उजैरनं मान हलवली आणि काउंटरवरचा पसारा बाजूला सारला. "मोजायचं काय आहे ते सांगा. कंपनीला वेगळा लागतो, घरी वेगळा."

"घरीच. छंद म्हणून. पितळेची एक डबी आहे, तिचं टोपण करायचंय. छोटा लेथ आहे घरी."

"तुम्ही स्वतः करणार?"

"हो."

त्यानं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग चार कॅलिपर ओळीनं मांडले, कापडवाला साड्या पसरतो तसे.

"हा काळा, प्लॅस्टिकचा. शाळेच्या प्रोजेक्टला ठीक. जरा दाबला की वाकतो, याच्याशी प्रेमानं बोलावं लागतं. हा घड्याळवाला. वाचायला लई सोपा, पण याच्या दात्यात पितळेचा एक कण गेला की काटा उडी मारतो. घरी लेथ म्हणता, तर हा नकोच. हा डिजिटल, स्टीलचा. आकडा समोर. पण बंद असला तरी बॅटरी खातो, काम झालं की बॅटरी काढून ठेवायची. आणि हा साधा व्हर्नियर." चौथा त्यानं तिच्या हातातच दिला. "याला काही लागत नाही. फक्त डोळे लागतात."

तो हातात येताच तिच्या अंगठ्याला आपली जागा सापडली. खालच्या खाचेवर अंगठा, वर तर्जनी. सरकपट्टी जड नव्हती, सैलही नव्हती. उजैरनं समोर एक ड्रिलचा तुकडा ठेवला. तिनं तो जबड्यांत धरला आणि रेघा वाचायला घेतल्या. वरच्या पट्टीवरची रेघ खालच्या पट्टीवरच्या कोणत्या रेघेशी जुळते ते बघायचं, एवढंच. पण केसाएवढ्या त्या रेघा एकमेकींत मिसळत होत्या. तिनं चष्मा काढला, पुन्हा लावला, व्हर्नियर दूर धरला, जवळ आणला. तीन रेघा तिला एकदमच जुळल्यासारख्या दिसल्या.

"बेचाळीस पूर्ण?" उजैरनं विचारलं.

"ड्रिल?"

"नाय, तुमचं वय. या वयात सगळ्यांच्याच रेघा जुळायला लागतात." मग आपणच जास्त बोललो असं वाटून तो म्हणाला, "वडिलांचा असंल की घरी."

"होता," मंजुषा म्हणाली. "दिला."

*

कडूबांचा तो व्हर्नियर निळ्या मखमलीच्या पेटीत राहायचा. कंपनीत कंपनीची हत्यारं. हा घरचा, मुकुंदवाडीच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीतला. तिथं ते सुट्टीच्या दिवशी काही ना काही करत बसत: भोवरे, दाराच्या कड्या, गल्लीतल्या कुणाच्या शिलाई मशिनचा तुटलेला भाग. निवृत्तीनंतर त्यांनी धातू फिरवून कापायचा एक जुना छोटा लेथ आणला आणि मग पितळेच्या डब्या करायला सुरुवात केली.

या डब्यांची एक गोष्ट होती. टोपण डबीवर ठेवून सोडून दिलं की ते पटकन बसायचं नाही. आतली हवा कडेच्या फटीतून हळूहळू निघायची आणि टोपण आपल्याच वजनानं, कुणी हात धरून उतरवावं तसं, खाली यायचं. कडूबा ते मोजत. एक, दोन, तीन. आठ झाल्यावर एक अगदी बारीक आवाज यायचा, झोपलेल्या माणसानं कूस बदलताना सोडलेल्या श्वासासारखा. "आठ आलं का? मग झालं. सातला उतरलं तर सैल, उतरलंच नाय तर आडमुठं," ते म्हणायचे.

शेवटची डबी त्यांनी चतुराबाईंसाठी, मंजुषाच्या आईसाठी करायला घेतली होती. कुंकवाचा करंडा. डबी झाली, टोपणासाठी पितळेचा तुकडा कापून झाला आणि आषाढात एका सकाळी चहा पिता पिता ते गेले.

तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मंजुषा मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेत गेली होती. ती परत आली तेव्हा निळी पेटी जागेवर नव्हती.

"चांदपाशांना दिली," चतुराबाई म्हणाल्या. "त्यांच्या टूलरूमची रीत हाय. माणूस गेला की त्याचं मापाचं हत्यार शेजारच्या मशिनवाल्याला द्यायचं. घरात गंजत ठिवायचं नाय. तुझ्या बापानंच मला सांगून ठिवलं होतं."

चांदपाशा तीस वर्षं कडूबांच्या शेजारच्या मशिनवर होते. त्यांच्याशिवाय ते हत्यार दुसऱ्या कुणाकडे जायलाच नको होतं. मंजुषा "बरं केलंस" म्हणाली आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारून आली. दिलेलं मागायचं नसतं. पण त्या पेटीत तिचंही काहीतरी गेलं होतं आणि ते तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

ती दहा वर्षांची असताना, बाबा कामावर गेले असताना, ती त्या खोलीत सीताफळाच्या बिया मोजत बसली होती. सगळ्या बिया सारख्याच असतात का, हे तिला बघायचं होतं. माप वाचता येत नसलं तरी सरकपट्टी कुठे थांबते ते दिसत होतं. सतराव्या बीला बोटं निसटली. व्हर्नियर शहाबादी फरशीवर टोकावर पडला. तो आवाज तिला आजही ऐकू यायचा. तिनं तो फ्रॉकनं पुसला, पेटीत ठेवला, बिया गोळा करून परसात फेकल्या आणि पुढे आठ दिवस ती त्या खोलीकडे फिरकली नाही.

नवव्या दिवशी बाबांनीच हाक मारली. "मंजे, ये गं, हे जरा धरून दे." आणि तोच व्हर्नियर तिच्या हातात दिला. तिनं धरला, त्यांनी वाचला. त्यांचा चेहरा नेहमीचाच होता. म्हणजे काही झालेलं नाही, असं तिनं त्या दिवशी मनाशी धरलं. सांगायचं मात्र राहून गेलं, ते राहूनच गेलं. बत्तीस वर्षं.

*

तिनं डिजिटल घेतला. बाबांना तो आवडला नसता. "त्यो आकडा दाखवतो, माप दाखवत नाय," ते म्हणायचे. शिवाय त्याला एक बटण होतं. ते दाबलं की पट्टी कुठेही असली तरी तिथं शून्य व्हायचं. तिला स्वतःलाही ते बटण जरा उर्मटच वाटलं. पण रेघा दिसत नाहीत त्याला काय करणार? जबडे मिटवून, उजेडाकडे धरून, खरं शून्य बघून मगच तिनं पैसे दिले.

पुढच्या रविवारी सकाळी तिनं पत्र्याची खोली उघडली. आत अजून तेलाचा आणि लवंगांचा वास होता. तंबाखू सोडल्यापासून बाबा लवंग तोंडात धरत. लेथच्या मागे फळीवर त्यांची लवंगांची काचेची बाटली अर्धी भरलेली होती. तिनं ती हलवली नाही.

लेथ चालवायला त्यांनी तिला शेवटच्या दोन वर्षांत शिकवलं होतं, दर रविवारी. ती वाचण्यातली बाई, पण पितळेची पिवळी कात्रणं सुरळी होऊन निघू लागली की तिला पुस्तकाइतकाच आनंद व्हायचा. बाबा मागे स्टुलावर बसून म्हणत, "घाई करू नगं. पितळ जात नाय कुठं."

बाबांची मापांची वही तिनं समोर उघडून ठेवली. हिशेबाच्या लांब वहीत बाबांचं वाकडं, जोर देऊन काढलेलं अक्षर. शेवटच्या लिहिलेल्या पानावर डबीचं चित्र होतं, शेजारी लिहिलं होतं, 'बाहेरून ३८.००'. त्याच्याखाली 'टोपण पॉईंट झिरो फोर सैल'. एवढंच. म्हणजे टोपणाचं भोक आतून अडतीस पूर्णांक शून्य चार मिलिमीटर. तिनं तो आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवला.

तुकड्याच्या एका अंगावर बाबांच्या करवतीचे तिरपे ओरखडे होते. ते वरच्या बाजूला येतील आणि तसेच राहतील, असा तिनं तुकडा पकडला. मग पूर्ण तीन तास ती आतून पितळ काढत राहिली. थोडं काढायचं, लेथ थांबवायचा, पुसायचं, मोजायचं. सदतीस पन्नास. सदतीस ऐंशी. अडतीस शून्य. शेवटचे दोन फेर तर तिनं श्वास रोखून घेतले. पडद्यावर ३८.०४ आलं तेव्हा तिनं तीन वेळा, तीन जागी मोजून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

"आई, ये गं," तिनं हाक मारली. चतुराबाई पीठ लागलेल्या हातांनी दारात आल्या. मंजुषानं डबी टेबलावर ठेवली, टोपण वर धरलं आणि सोडलं.

टक्.

एकसुद्धा म्हणून झालं नव्हतं. तिनं टोपण उचलून पुन्हा सोडलं. टक्. डबी हातात घेऊन हलवली तर टोपण खुळखुळलं.

"बसलं की," चतुराबाई म्हणाल्या.

"बसलं नाही आई, पडलं."

"पडू दे. मला तर असंच बरं हाय. सांधे धरलेत बोटांचे, घट्ट टोपण कोण उघडणार? त्यांच्या डब्या उघडायला मला शेजारच्या तनुजाला हाक मारावी लागायची." आणि मग, जरा थांबून, "तसं आता करंड्यात काय ठिवू मी?"

मंजुषानं टोपण काढून हातात घेतलं. तिला टोपण नकोच होतं. तिला तो आवाज हवा होता. ती खोली बंद असतानाचे सात महिने तिच्या मनात एकच हिशेब होता: बाबांचं माप वहीत आहे, बाबांची डबी आहे, बाबांचा तुकडा आहे, आपण फक्त त्यांच्या आकड्यापर्यंत पोचायचं, की ते टोपण एक-दोन-तीन करत खाली येईल आणि आठला तो श्वास निघेल. आकड्यापर्यंत ती पोचली होती. तिथं ते नव्हते.

आणि पितळ कापून झाल्यावर पुन्हा लावता येत नाही.

*

चांदपाशा नारेगावात राहत. दुसऱ्या रविवारी मंजुषा डबी, टोपण, वही आणि नवा कॅलिपर पिशवीत घालून स्कूटीवर त्यांच्याकडे गेली. व्हर्नियर मागायचा नाही, हे तिनं रस्त्यात दोनदा स्वतःला बजावलं. फक्त चूक कुठे झाली ते विचारायचं.

"आओ आओ! सगीरा, देख कोण आलंय," चांदपाशा बाजेवरून उठत म्हणाले. "कडूबाची लायब्ररी आली!"

"चाचा, बसा हो, उठू नका."

"उठलो नाय तर तुझी चाची म्हणते याचं इंजिन जाम झालं." त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "काय आणलं? पुस्तक असंल तर मोठ्या अक्षराचं दे."

सगीराचाचींनी पाणी आणलं, मंजुषाच्या गालावरून हात फिरवला आणि चहा टाकायला आत गेल्या. मंजुषानं डबी बाजेवर ठेवली आणि टोपण सोडून दाखवलं. टक्.

चांदपाशांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी टोपण उचललं, आतून बोट फिरवलं. "काम चांगलं केलंय गं. आतून आरसा झालाय. कुणी केलं?"

"मीच."

"खरं?" त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. "मग माप कसं चुकलं?"

"चुकलं नाही चाचा. हे बघा." तिनं वही उघडली. "अडतीस. पॉईंट झिरो फोर सैल. मी अडतीस झिरो फोरच केलंय. तीनदा मोजलंय."

"डबी मोजली का?"

"डबी?"

"टोपण ज्याच्यावर बसायचं ती. हातात घेऊन मोजली का?"

"वहीत लिहिलंय ना. बाबांनी."

चांदपाशा हसायला लागले. छाती धरून हसले. "अरे देवा! कडूबाची पोरगी आणि लिहिलेल्या मापावर काम करते! त्यानं हयातीत तीन अप्रेंटिस याच्यावरून रडवले. 'कागदावर इश्वास ठिवू नगं, जॉब हातात घे, मोज.' माझं ड्रॉइंगसुद्धा त्यो मानायचा नाय."

"तुमच्या ड्रॉइंगवर नाही ठेवला विश्वास," मंजुषा म्हणाली, "त्यांच्या अक्षरावर ठेवला."

चांदपाशांचं हसू हळूहळू खाली आलं. त्यांनी वहीचं ते पान पुन्हा वाचलं. मग उठले, भिंतीतलं कपाट उघडलं आणि निळी पेटी बाहेर काढली. ती बघताच मंजुषाचे हात मांडीवर एकमेकांत अडकले.

"मोज आता. आधी तुझ्या यंत्रानं."

तिनं डबी नव्या कॅलिपरमध्ये धरली. पडद्यावर ३७.९० आलं. तिनं डबी फिरवून पुन्हा मोजलं. ३७.९०.

"आता याच्यानं." चांदपाशांनी व्हर्नियर तिच्या हातात ठेवला. तो तिच्या आठवणीपेक्षा हलका होता. खाचेवरचं कोरीव काम बाबांच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालं होतं. तिनं डबी जबड्यांच्या टोकांत धरली. रेघा तिला दिसल्या नसत्याच. चांदपाशांनी भिंग लावून वाचलं. "अडतीस. पूर्ण."

"म्हणजे..."

"मिटव. खिडकीकडं धर."

उजेडाकडे धरून बघायला बाबांनी तिला काटकोन तपासायच्या गुण्यावर शिकवलं होतं, फुटपट्टीच्या कडेवर शिकवलं होतं. हा व्हर्नियर मात्र त्यांनी तिच्यासमोर कधी उजेडाकडे धरला नव्हता. हे तिला आत्ता, तो उचलता उचलता आठवलं. तिनं जबडे मिटवले. टोकं एकमेकांना टेकली. आणि टोकांच्या मागे, मुळाकडे रुंद होत गेलेली, उजेडाची एक पाचर दिसली. एक टोक किंचित आत वाकलेलं होतं.

टोकावरच पडला होता तो.

"टोकं आधी टेकतात," चांदपाशा म्हणाले, "म्हणून बाहेरचं माप पॉईंट वन जास्त दाखवतो. कायम. न चुकता. कडूबा दिसंल ते लिहायचा आणि पॉईंट वन डोक्यात वजा करायचा."

मंजुषानं व्हर्नियर खाली घेतला नाही. पाचर तिला दिसत होती तोवर बोलता येणार होतं. "चाचा, हा मी पाडला होता. दहा वर्षांची होते. मी सांगितलं नाही कुणाला."

"माहीत आहे."

आत चहाच्या भांड्यावर चमचा वाजला.

"फरशीवर सीताफळाची बी सापडली त्याला टेबलाच्या पायाशी," चांदपाशा म्हणाले. "आणि पोरगी खोलीत येईना. एवढं जोडायला काय लागतं? दुसऱ्या दिवशी मला मशिनवर दाखवला. मी म्हटलं, टोक सरळ करायला जाशील तर तुटंल, फेकून दे, नवा घे. आपल्याला स्टोअरवाला बाहेरून आणून देत होता की. तर म्हणतो, 'नवा आणला तर तिला कळंल जुना बाद झाला. मग पोर परत हत्याराला हात लावायची नाय.' मी म्हटलं, येड्या, टूलरूमचा माणूस तू, चुकीच्या व्हर्नियरनं काम करणार? तर म्हणतो, 'चांद, याची चूक मला पाठ झाली. नव्याची चूक कुठं माहीत हाय?'"

सगीराचाची चहा घेऊन आल्या, दोघांकडे पाहिलं आणि कप ठेवून तिथंच मंजुषाशेजारी बसल्या.

बत्तीस वर्षं. तिनं मनात हिशेब करायचा प्रयत्न केला: किती भोवरे, किती कड्या, किती डब्या, आणि दर मापाला एकदा ती वजाबाकी. दर वेळी, क्षणभर, तिच्यासाठी. हिशेब होईना. तिनं चहाचा कप उचलला आणि तसाच ठेवला.

"घेऊन जा तो," चांदपाशा म्हणाले. "तुझ्याच घरचा आहे."

तिला तो हवा होता. इतका हवा होता की हातानं पेटी जवळ ओढलीसुद्धा. मग तिनं व्हर्नियर मखमलीवर ठेवला आणि झाकण लावलं. "नको चाचा. शेजारच्या मशिनवाल्याला द्यायची रीत आहे."

"मग रीत नीट ऐक. माझ्यानंतर हा कुणाकडं जायला पाहिजे? माझी पोरं दोघंही कॉम्प्युटरवर. कडूबाच्या लेथवर आता कोण उभं राहतंय?" त्यांनी पेटी आपल्याकडे सरकवली. "सगीरा तुला आणून देईल. तोवर राहू दे माझ्याकडं. रोज सकाळी एकदा उघडतो, मिटवतो. बस्स."

"सुबह सुबह याच्याशीच बोलतात," सगीराचाची म्हणाल्या. "माझ्याशी नंतर."

निघताना चांदपाशांनी बाजेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि पितळेचा एक जाड तुकडा तिच्या पिशवीत टाकला. "आणि या वेळी?"

"डबी हातात घेऊन मोजीन."

*

घरी येऊन तिनं आधी वही उघडली. पहिल्या पानाच्या आतल्या बाजूला जागा होती. तिथं तिनं पेनानं लिहिलं, 'या वहीतलं बाहेरचं प्रत्येक माप पॉईंट वन जास्त आहे. व्हर्नियर मी पाडला होता. मंजुषा.' खाली तारीख घातली. बत्तीस वर्षांपूर्वीची तारीख तिला माहीत नव्हती, म्हणून आजची.

दुसरं टोपण व्हायला दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी ती मुद्दाम थोडी आधीच थांबली. दुसऱ्या रविवारी उरलेलं पितळ घेतलं, आणि शेवटी शेवटी कॅलिपर बाजूला ठेवून बारीक पॉलिश कागद आणि हात, एवढ्यावरच काम केलं. टोपण अडायचं, ती ते काढून एकदा पुसून कागद फिरवायची, पुन्हा बसवून बघायची. बाबा मागे स्टुलावर असते तर काय म्हणाले असते ते तिला ठाऊक होतं. तिनं घाई केली नाही.

दुपारचं ऊन पत्र्यावर चढलं तेव्हा तिनं आईला हाक मारली. चतुराबाई आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्या स्टुलावर बाबा गेल्यापासून कुणी बसलं नव्हतं. दोघींनाही ते एकदमच कळलं, पण चतुराबाई उठल्या नाहीत.

मंजुषानं टोपण डबीच्या तोंडावर धरलं आणि सोडलं.

ते पडलं नाही. जरासं डगमगलं, सरळ झालं आणि उतरायला लागलं. "एक," मंजुषा म्हणाली. "दोन." चतुराबाईंचे ओठही हलत होते. "तीन. चार." टोपणाच्या कडेवर खिडकीचा उजेड होता आणि तो उजेड खाली खाली येत होता. "पाच. सहा."

आणि तो आवाज आला. बारीक. झोपेत कूस बदलताना येतो तसा.

बाहेर मुकुंदवाडी स्टेशनवर गाडी येत असल्याची घोषणा अर्धवट ऐकू आली.

"सहाच," मंजुषा म्हणाली. "सैल झालं थोडं. त्यांचं आठला बसायचं."

"तुझा बाप भरभर मोजायचा," चतुराबाई म्हणाल्या. "मी समोर बसलेली असायचे ना. त्यांचं आठ म्हंजी माझं सहाच असायचं."

मंजुषानं आईकडे पाहिलं. चतुराबाईंचा चेहरा अगदी साधा होता, भाजी निवडताना असतो तसा. त्या समजूत घालत होत्या की खरं सांगत होत्या, हे आता तपासायला काही हाताशी नव्हतं.

"सोड पुन्हा," चतुराबाई म्हणाल्या. "मी मोजते."

त्यांनी पुष्कळदा मोजलं. मग चतुराबाईंनी फळीवरची काचेची बाटली काढली आणि त्यातल्या लवंगा डबीत ओतल्या. वर त्यांनी नवं टोपण नाही लावलं. करवतीच्या ओरखड्यांचं, पहिलं, खुळखुळणारं लावलं. रोज उघडायला ते बरं, म्हणाल्या. नवं टोपण मंजुषानं कपड्यात गुंडाळून वहीवर ठेवलं. दर रविवारी लवंगा बशीत काढून ठेवायच्या, डबी पुसायची आणि ते एकदा सोडून बघायचं, असं ठरलं.

कॅलिपरची बॅटरी काढून तिनं दिवा मालवला. मग पुन्हा लावला, नवं टोपण कपड्यातून काढलं, डबीवरचं पहिलं उचललं आणि लवंगांनी भरलेल्या त्या डबीवरच धरून आणखी एकदा सोडलं. या वेळी तिनं भरभर मोजलं.